भट्टीतली हवा ओळखणारी नळी

मित्रांनो, आमच्या जावईबापूंना चकचकीतपणाचं भारी वेड. दिसेल ते घासतात! परवा त्यांनी मलाच पॉलिशपेपरनं घासून काढलं. घरच्या वडीलधाऱ्या बाईला असं कुणी घासतं का?

मी एक जुनी नळी आहे, पांढऱ्या, कडक भाजलेल्या मातीची. टोकाशी आतून-बाहेरून प्लॅटिनमचा लेप. मातीचे पेले भाजायच्या भट्टीत माझं टोक असतं. माझ्या पोटात स्वच्छ हवा, बाहेर भट्टीतली. दोन्हीकडचा प्राणवायू कमीजास्त असला, की तो विजेचा भार घेऊन माझ्या घट्ट अंगातून पलीकडे जाऊ बघतो. त्यातून चिमूटभर वीज उठते आणि बाहेरच्या मापकाचा काटा हलून भट्टीत प्राणवायू किती, ते सांगतो. थंड असताना मात्र मी तोंडात गुळणी धरून बसते. लालबुंद तापले, की बोलते.

माझा लेप खडबडीत, बारीक भोकांचा. हवा, प्लॅटिनम आणि माझी माती अशी तिघं जिथं भेटतात, तिथंच सारं काम चालतं. जावईबापूंनी नेमक्या त्या जागाच खरवडल्या.

मग काय, काटा लागला भरकटायला. तांब्याचा रंग दिलेले पेले लाल निघायला भट्टीत प्राणवायू कमी लागतो. चुकीच्या काट्यामुळे तो जास्त झाला आणि पेले निघाले हिरवे.

“आई, नळी म्हातारी झाली. फेकून देऊ,” जावईबापू म्हणाले.

त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, मला उजेडात धरून म्हणाल्या, “म्हातारीच्या अंगावर एवढी चकाकी? हिला घासलं कुणी?”

जावईबापू खाली बघू लागले. “काळपट दिसत होती... मीच घासली.”

“पातेलं वाटलं होय?”

बाईंनी कुंचल्यानं नवा लेप दिला, वाळवला, छोट्या भट्टीत भाजला. किती हलका हात! वीस वर्षं त्यांनी मला जपलं, मित्रांनो, आणि त्या दिवशी तर जन्मच दिला. त्यांचे उपकार मी कशी विसरू?

पुढच्या भट्टीला जावईबापू काट्यापासून हलले नाहीत. पेले निघाले डाळिंबासारखे लाल. बाईंनी एक पेला त्यांच्या हातात ठेवला.

“जावईबापू, खोटं बोलला असता, तर ही बिचारी उकिरड्यात गेली असती. खरं बोललात, म्हणून वाचली. उद्यापासून भट्टी तुमची. पण कशालाही हात लावण्याआधी ते काय काम करतं, ते विचारत जा!”