डाग नसलेलं कापड

धाकटीने दुसऱ्या बाहीची गोलाई कापली, कात्री खाली ठेवली आणि उरलेला तुकडा घडी घालायला उचलला. डाग कुठे दिसेना. तिने तुकडा उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. सरावाच्या राखाडी क्रेपच्या काठाला तेलाचा रुपयाएवढा डाग होता, म्हणून तर दुकानदाराने ते स्वस्तात दिलं होतं. तिने मागे वळून पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावर दुसरी राखाडी घडी होती आणि डाग तिच्यावर होता.

म्हणजे कापलं ते गिऱ्हाइकाचं.

दोघी जावा मिळून बायकांचे कपडे शिवायच्या. गिऱ्हाइकाचं कापड थोरली बेतायची. आधी करून बघायचा कच्चा झगा तेवढा धाकटीकडे. दोन वर्षांपूर्वी धाकटीने एका मखमलीचे दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे कापून ठेवले होते. तेव्हापासून खऱ्या कापडाला तिची कात्री लागली नव्हती. थोरली त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागायचं.

कच्चा झगा मांजरपाटाचा केला की गळा झोकात उभा राहायचा आणि खऱ्या कापडात लोंबायचा. म्हणून यंदा धाकटीने बाजार पालथा घालून गिऱ्हाइकाच्या कापडासारखंच क्रेप आणलं होतं. “पोत सारखा हवा, पण रंग वेगळा बघ,” थोरलीने बजावलं होतं. “पोत मिळाला ना ताई, रंगाचं काय घेऊन बसलात,” असं हिने तोंड वर करून सांगितलं होतं. आता भोगा. गिऱ्हाईक बाईंच्या मुलीने लांबून पाठवलेलं कापड, पुन्हा मिळायची सोय नाही. यात चूक निघाली तर कात्री कायमची गेली, मग जन्मभर काजं-बटणं करत बसायचं.

थोरली पदराला हात पुसत बाहेर आली.

“झालं का बेतून?”

धाकटीने तुकड्यांवर दोन्ही हात ठेवले. झालं म्हणावं, सगळं गुंडाळावं आणि तस्संच कापड शोधायला चार गावं फिरावं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

“ताई, हे सरावाचं नाही. ते तिकडे राहिलं.”

थोरलीने टेबलाकडे पाहिलं, मग हिच्याकडे. चष्मा लावला, गळ्यातला टेप काढला आणि एकेक तुकडा मापायला घेतला. पुढचा, मागचा, बाह्या.

“पुढचे दोन्ही वेगवेगळ्या बाजूंचे आहेत,” धाकटी कशीबशी म्हणाली.

“दिसतंय मला.”

थोरलीचा टेप उजव्या खांद्यावर थांबला. तिने तो पुन्हा लावून पाहिला. धाकटीने डोळे मिटून घेतले.

“हा अर्धा इंच खाली का?”

“बाईंचा उजवा खांदा उतरता आहे. माप घेताना दिसला.”

“माप मीही घेतलं होतं.” थोरली खुर्चीवर बसली. “मला नाही दिसला. गेल्या खेपेचा झगा त्यांनी दोनदा परत आणला, तरी नाही दिसला.”

तिने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“कापताना हात अडखळला कुठे?”

“नाही. मला वाटलं, सरावाचंच आहे.”

थोरलीने कापलेले तुकडे एकावर एक ठेवून धाकटीच्या मशीनवर नेऊन ठेवले. मग इस्त्रीच्या टेबलावरची डागाची घडी आणली, बेतायच्या पाटावर पसरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. खडू स्वतःच्या हातात घेतला.

“तो खांदा कुठून धरलास ते दाखव,” ती म्हणाली. “जरा सावकाश.”