चेंगप्पासाहेबांचा राम राम

फौजेत हाक मारण्याचेही कायदे असतात. शिपाई असो, नाईक असो की हवालदार, अफसर त्याला नावानं बोलावतो. पण तोच माणूस नायब सुभेदार झाला, खांद्यावर तारा आला, की कालपर्यंत "ए कोंडीबा" म्हणणारा मेजर दुसऱ्या दिवशी सकाळी थबकून "राम राम, साहेब" म्हणतो. उभ्या नोकरीत कोंडीबानं हे दुसऱ्यांच्या बाबतीत किती वेळा ऐकलं आणि किती वेळा आवंढा गिळला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मान त्याच्याही वाट्याला आला, पण कसा? जेवून हात धुतल्यावर वाढपी यावा तसा. बांगलादेशची लढाई संपली, कोंडीबा हवालदार म्हणूनच पेन्शनीत निघाला, होटगीजवळच्या वस्तीवर येऊन मेंढरांमागं लागला, आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला सरकारनं त्याला मानाचा नायब सुभेदार केलं. आता साहेब म्हणणार कोण, मेंढरं? वस्तीवर तो कोंडीबाच राहिला, बाजारात नुसता मिल्ट्रीवाला. बायकोनं, फुलाबाईनं, हौसेनं पेढे वाटले. त्यानं सोलापूरला नव्या पेठेत जाऊन एक पितळी तारा आणला आणि ट्रंकेत ठेवून दिला. एका अफसराच्या तोंडून एकदा तरी तो शब्द ऐकावा, ही भूक मात्र ट्रंकेत ठेवता येईना.

तीन-एक वर्षं अशीच गेली. मग शेजारच्या वस्तीवरचा सिदू पलटणीतून रजेवर आला आणि म्हणाला, चेंगप्पासाहेब गुरुवारी गदगच्या गाडीनं गावी निघालेत. मेजर चेंगप्पा म्हणजे कोंडीबाचे जुने कंपनी कमांडर, घर त्यांचं दूर कर्नाटकात, कोडगूत. गाडी होटगीला इंजिनाला पाणी घ्यायला थांबते, हे कोंडीबाला कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी फुलाबाईनं तांब्यात निखारे घालून कोटाला इस्त्री केली. तारा लावा म्हणून ती मागंच लागली. साध्या कोटावर तारा लावत नसतात, असं त्यानं तिला दरडावून सांगितलं आणि तिची पाठ वळताच तारा हळूच खिशात टाकला. खिशाला कुठला आलाय कायदा? डोक्याला पांढरा पटका बांधला. स्टेशनवर फुलाबाई शेंगाचटणीची पुरचुंडी त्याच्या हाती देऊन लांब लिंबाखाली थांबली. साहेबासमोर यायची तिला लाज वाटली.

गाडी आली. चेंगप्पासाहेब दारातच उभे होते, केस पिकलेले. कोंडीबाच्या टाचा आपोआप जुळल्या, हात पटक्याला गेला आणि तोंडून निघालं, "राम राम, साहेब."

साहेबांनी खाली उडी मारून त्याला मिठीच मारली. "अरे कोंडीबा! कवा आलास?" जवानांकडूनच शिकलेली त्यांची मराठी तशीच कोडगू हेलाची होती. त्यांनी मेंढरांची चौकशी केली, गुडघ्यातल्या गोळीची केली, लढाईत कामी आलेल्या पोरांची नावं दोघांनी मिळून आठवली. पुरचुंडी हुंगून साहेब हसले. कोंडीबा उत्तरं देत होता, पण कान दुसऱ्याच गोष्टीकडे लागलेले. खिशात ताऱ्याची टोकं बोटांना टोचत होती. साहेबांना ठाऊक नाही, ठाऊक असणार तरी कसं? एक वाक्य बोललं की झालं. साहेब इथंच सावधान उभे राहतील आणि म्हणतील. नक्की म्हणतील.

शिट्टी झाली. साहेबांनी त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

"खरं सांगतो कोंडीबा, तुझ्यासारखा हवालदार मला परत मिळाला नाही."

आता यावर काय बोलायचं? मी हवालदार नाही म्हणायचं, आणि एवढ्या मनापासून बोललेल्या माणसाला शरमिंदा करायचं? शिवाय मागून घेतलेला राम राम, तो कसला राम राम. कोंडीबाचा उजवा हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि पटक्याला गेला. गाडी हलली, तिचा शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत त्यानं हात उतरवला नाही.

फुलाबाई लगबगीनं आली. लांबून तिला मिठी दिसली होती, सलाम दिसला होता, ऐकू काही आलं नव्हतं.

"म्हनले का?" तिनं विचारलं.

त्याच्या कोटाला इस्त्री करताना भाजलेलं तिचं बोट तिनं पदरात गुंडाळून धरलं होतं. कोंडीबानं ते पाहिलं.

"म्हनले की."

"कसं म्हनले? जसंच्या तसं सांगा."

त्यानं घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि चेंगप्पासाहेबांच्या कोडगू हेलात म्हटलं, "राम राम, साहेब."

फुलाबाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "अजून एकदा म्हना."

कोंडीबानं रुळांकडं तोंड केलं आणि अजून एकदा म्हटलं.