कुकरमधला रंग

बोईसरच्या बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये वर्षाराणी ब्लाउजपीस दाखवायचं काम करत होती. एके दुपारी एक वयस्कर बाई वांगी रंगाची साडी घेऊन आल्या. भाचीच्या लग्नात नेसायची होती. दुकानदाराने एक तागा काढून साडीवर ठेवला. दोन्ही रंग अगदी एक दिसत होते. बाईंनी मान डोलावली, तेवढ्यात वर्षाराणीने साडीचा पदर आणि तागा दोन्ही उचलले आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन धरले.

"इथं बघा की. आत ट्यूबलाइटखाली जुळतंय, पण बाहेर पीस तांबूस मारतोय. लग्न दिवसा आहे की संध्याकाळी?"

"दिवसा," बाई म्हणाल्या. त्या साडीपेक्षा वर्षाराणीकडेच जास्त पाहत होत्या. "तुमी हे कुठं शिकलात?"

"सोलापूरला. टॉवेलच्या कारखान्यात होते. रंगाच्या लॅबमध्ये."

"काय करायचात लॅबमधे?"

"काही नाही, असंच. शेड जुळवायची."

"असंच म्हंजे कसं?"

दुकानदार ऐकत होता, म्हणून वर्षाराणी हसली आणि दुसरा तागा काढायला आत वळली. बाईंनी त्यातला पीस घेतला, पण निघताना पुन्हा विचारलं, "सुट्टी कवा असते तुमाला? पाम गावाला या माझ्याकडं. प्रेमलाकाकूंचं घर विचारा, कोनीबी दाखवील."

वर्षाराणीने चौकशी केली तेव्हा कळलं, की या प्रेमलाकाकूंनी तारापूरच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग कारखान्याच्या लॅबमध्ये सगळी नोकरी केली होती आणि लॅबच्या प्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. तिला वाटलं, आता आपलं काम होणार.

कापड रसायनाचा डिप्लोमा आणि लॅबमधला अनुभव घेऊन ती इथे आली होती. नवरा कैलास औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, म्हणून सोलापूरचं घर मोडून दोघं बोईसरला आले. तिने इथल्या बऱ्याच कारखान्यांत अर्ज केले. एका ठिकाणी वॉचमनने "पॅकिंग में जगह है" म्हणून बायकांच्या रांगेकडे बोट दाखवलं. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली. साहेबांनी विचारलं, "पॉलिस्टर केलंय?" ती म्हणाली, "नाही, फक्त सुती." समोरचा चहा संपायच्या आत मुलाखत संपली. तेव्हापासून तिने अर्ज करणं सोडलं होतं. सोलापूरचं आपलं शिकणं सोलापुरातच राहिलं, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

सुट्टीच्या दिवशी ती पामला गेली. सर्टिफिकेटांची फाइल काकूंच्या हातात देत म्हणाली, "काकू, तुमच्या ओळखीनं कुठं एक शब्द टाकाल का?"

काकूंनी फाइल न उघडताच झोपाळ्यावर ठेवली. "टाकीन. पन आधी मला सांग, सोलापूरला तुमचा लाल कसा बिगडायचा?"

वर्षाराणी गोंधळली. हा काय प्रश्न झाला? पण काकू खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या. तिने सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड व्हायचं, मग लाल मळकट यायचा. सगळे रंगाच्या मापाला दोष द्यायचे. तिने रंग तसाच ठेवून आधी पाणी तपासायला लावलं.

"तुला कोनी सांगितलं पानी तपासायला?"

"कुणी नाही. बॅचमागून बॅच बिघडायला लागली तेव्हा वाटलं, रंग तोच, माप तेच, मग बदललं काय?"

"हे मुलाखतीत बोललीस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"ते कसे विचारतील? त्यांना ठाऊकच नाय, तुझ्याकडं काय हाय ते. आनि तू म्हनतेस, 'असंच, शेड जुळवायची'."

वर्षाराणीला थोडा राग आला. ती ओळख मागायला आली होती आणि इथे तिची उलटतपासणी चालली होती. पण परतीच्या रिक्षात तिच्या लक्षात आलं, की सोलापूर सोडल्यापासून कामाबद्दल इतका वेळ ती कुणाशीच बोलली नव्हती.

पुढच्या सुट्टीला ती न बोलावता गेली. काकूंनी मागच्या पडवीत स्टोव्ह मांडला होता. शेजारी एक काळवंडलेला प्रेशर कुकर होता. त्यात पुन्हा कधी भात शिजवायचा नाही, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं.

"सुती कापड रंग लगेच घेतं," काकू म्हणाल्या. "पॉलिस्टरचं दार बंद असतं. पानी नुसतं उकळून ते उघडत नाय. त्याच्याबी वर ताप लागतो, म्हनून झाकन घट्ट पायजे. कारखान्यात तेच काम मोठ्या मशिनी करतात. घाल कापड."

पहिल्या दिवशी कापडाची निळी पट्टी छान निघाली. गार झाल्यावर वर्षाराणीने ती बोटांत चोळून पाहिली, ओली करून पाहिली, फडक्यावर घासली. रंग सुटत नव्हता. तिला गंमत वाटली. सुती कापडाला मीठ लागतं, सोडा लागतो, आणि याला नुसता ताप? हा रंग आत जाऊन बसतो तरी कुठे? तिने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "आता बरं विचारतेस."

मग करड्या रंगाची पाळी आली. करड्यात पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग मिसळावे लागतात, आणि तो काही केल्या नीट येईना. कधी पट्टीवर डागांचे ढग उमटत, कधी सगळी पट्टी पिवळट दिसे. कित्येक सुट्ट्या त्यात गेल्या. काकू उत्तर सांगत नसत, "आज काय बदललंस?" एवढंच विचारत. आच हळू वाढवल्यावर ढग कमी झाले. कुकर लवकर उतरवला की पिवळा पुढे जातो आणि निळा मागे राहतो, हे तिचं तिलाच उमगलं. एक पट्टी मात्र एका अंगाने गुलाबी आली. ती का, ते दोघींनाही कळलं नाही.

त्यानंतर एक दिवस काकूंनी फोन लावला. मनीष नावाचा त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता दुसऱ्या एका कारखान्याच्या लॅबचा प्रमुख होता. "नोकरी दे म्हनून नाय सांगत," त्या त्याला म्हणाल्या, "भेट आनि बोल तिच्याशी. पुढचं तुझं तू ठरव." फोन ठेवून त्या वर्षाराणीला म्हणाल्या, "बिगडलेल्या पट्ट्या घेऊन जा."

"बिघडलेल्या?"

"चांगल्या तर सगळेच दाखवतात."

मुलाखतीत मनीषने तोच प्रश्न विचारला, पॉलिस्टर केलंय का. वर्षाराणी म्हणाली, "कारखान्यात नाही. घरी कुकरमध्ये केलंय, आणि बरंच बिघडवलंय." तिने पट्ट्या टेबलावर मांडल्या. हे ढग आच एकदम वाढवल्याने आले, ही पिवळट पट्टी लवकर उतरवल्याने झाली, असं एकेक सांगत गेली. मग तिने सोलापूरच्या पाण्याचं सांगितलं आणि विचारलं, "इथलं पाणी कसं आहे?" ते कळायला मनीषला दोन फोन करावे लागले.

गुलाबी पट्टी त्याने उलटसुलट करून पाहिली. "हे कशामुळे?"

"कळलं नाही, सर. कापड कुकरच्या तळाला टेकलं असेल, असा एक अंदाज आहे. पण मग रंग गडद यायला हवा होता, गुलाबी का यावा?"

मनीषलाही सांगता येईना. त्याने लॅबमधल्या आणखी एकाला बोलावलं. तिघं त्या पट्टीवर वाद घालत मशीन बघायला खाली गेले, आणि मुलाखत खालीच, मशीनच्या घरघरीत मोठ्याने बोलत संपली.

नोकरी मिळाली, पण सहायक म्हणून. सोलापूरला ती शेड जुळवण्याच्या कामाची इन्चार्ज होती. तिने काकूंना विचारलं, "घेऊ का?"

"ते मी कसं सांगू?" काकू म्हणाल्या. "तुला तिथं काय शिकायला मिळेल ते बघ आनि तूच ठरव."

घरी कैलासला वाटत होतं, की एवढ्या अनुभवानंतर पुन्हा खालून सुरुवात नको. वर्षाराणीने त्याला मशीनबद्दल सांगायला सुरुवात केली. आत काय होतं ते दिसत नाही, फक्त काटा बघून ओळखायचं. ती बोलतच राहिली. शेवटी कैलास म्हणाला, "तू ठरवलेलंच आहेस, मग मला कशाला विचारतेस?"

सुरुवातीचे दिवस जड गेले. लॅबमधली हिंदी भरभर चाले, कॉम्प्युटरवर रंगाचं सूत्र काढणं तिला नवीन होतं, आणि तिच्याहून वयाने लहान मुलं तिला कामं सांगत. एकदा तिच्या चुकीने एक शेड पुन्हा करावी लागली आणि मनीषने सगळ्यांसमोर कारण विचारलं. ती लाजली, पण कारण शोधून सांगितलं. हळूहळू नव्या शेडचे पहिले नमुने तिच्याकडे येऊ लागले. वर्ष सरता सरता मनीषने तिला सहायकाच्या जागेवरून वर घेतलं.

हे सांगायला ती पामला गेली, पण सांगण्याआधी तिने पर्समधून सुताचं एक करडं वेटोळं काढलं.

"काकू, हे पॉलिस्टरचं सूत आमच्याकडं नवीन येतंय. पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून करतात. मी नेहमीच्या सुतासारखाच ताप देते, तरी प्रत्येक लॉट वेगळा रंग घेतो. तुमच्या वेळी याला काय करायचात?"

काकूंनी सूत हातात घेतलं, पीळ उलगडला, डोळ्यांजवळ धरलं.

"आमच्या वेळी हे नव्हतंच," त्या म्हणाल्या. "बाटल्यांचं? सगळ्या रंगांच्या बाटल्या एकत्र वितळवतात का? मग मूळ सूत पांढरं निघतं का? बस, बस तू. नीट सांग मला."

वर्षाराणी झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.