लावलं म्हणालो ना

गोल, रबरी, अंगठ्याएवढं, मधोमध पितळेचा स्क्रू — हात खिशात गेला होता तो नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून, आणि रुमालाच्या घडीत बोटांना जे लागलं ते त्याने न बघताच ओळखलं, अंधारात माणूस आपलाच चष्मा ओळखतो तसं… बूच. होडीच्या मागच्या फळीला अगदी तळाशी एक भोक असतं, जमिनीवर असताना आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्या भोकात आत्ता जे असायला हवं होतं ते इथे होतं, खिशात, कोरडं आणि सुखरूप. आणि होडी तलावाच्या मधोमध, क्लबच्या शर्यतीत, शीड फुगवून चालली होती.

तिसरी चालली होती. हे जास्त भयंकर. एरवी ती शेवटची असते आणि शेवटच्या होडीकडे कोणी बघत नाही. बुडायचं तर निवांत बुडता येतं.

"रुमाल काढायला एवढा वेळ?" पुढच्या शिडाची दोरी धरून बसलेली बायको मान न वळवता म्हणाली. "सुकाणूकडे बघ."

"बघतोय."

घरात ती त्याला अहो म्हणते. होडीत पाय ठेवला की अरे. लाइफ जॅकेट चढलं की आदर उतरतो. पहिल्या वर्षी त्याला हे लागलं होतं. मग सवय झाली. आणि मग — पण ते नंतर. आधी बूच.

सकाळी पाण्याच्या उतारावर तो गाडी मागे घेत होता. गाडीला ट्रेलर, ट्रेलरवर होडी, आणि क्लबच्या व्हरांड्यात चहाचे कप घेऊन सगळी मंडळी, कारण त्याचं ट्रेलर उलटा घेणं हा रविवारचा पहिला कार्यक्रम असतो. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे त्याला पाठ आहे, ट्रेलरला नाही. मध्येच तो उतरला, बूच लावावं म्हणून हातात घेतलं, तेवढ्यात चाक चिखलात घसरायला लागलं, धावला… "बूच लावलंस?" बायकोने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा क्लबातला बेकरीवाला व्हरांड्यातून म्हणाला, "साहेब, बूच तेवढं बघा हं," सगळे हसले, आणि तो ओरडला — तो कशाला, मीच ओरडलो — लावलं म्हणालो ना! अशा आवाजात, की चौथ्यांदा विचारायची कोणाची छाती होऊ नये.

झालीही नाही. माझीसुद्धा.

सर्व्हेअरचे मत: सदर नुकसान हे मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असून दावा नामंजूर करावा.

हे वाक्य त्याने विम्याच्या नोकरीत इतक्या जळक्या गोदामांवर, इतक्या चेपलेल्या गाड्यांवर लिहिलंय की सही आपोआप होते. माणसं रडकुंडीला येऊन सांगायची, साहेब, लक्षातच आलं नाही हो. आणि तो मनात म्हणायचा, न यायला काय झालं?

पण मग होडी बुडत का नव्हती? तर वारा मागून होता, जोरात, आणि होडी पाण्याचं पोट न कापता पाण्यावरून घसरत होती. बायको शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिनेच कधीतरी सांगितलं होतं — वेग असला की भोकातून पाणी आत येत नाही, उलट आतलंच बाहेर ओढलं जातं. म्हणजे थांबायचं नाही, एवढंच. त्याच्या ऑफिसातला मोठा साहेब निवृत्त होईपर्यंत याच तत्त्वावर तरंगला.

…पण ते नंतर, म्हणालो होतो, ते हे: येताना गाडीत ती म्हणाली होती, "आज शेवटचे आलो ना, तर पुढच्या रविवारपासून मी डॉक्टरीणबाईंच्या होडीत. त्यांनी विचारलंय." रागाने नाही, दूध संपलंय म्हणावं तशी. शर्यत गेली उडत, तो एकटाही हरू शकला असता. पण मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर फार सभ्य झालं होतं. अहो, वाढू का. अहो, पंखा बंद करू का. दोघं एकमेकांना वाट देत, दारांमधून कडेकडेने जात. आठवड्यातून एकदा, या दीड माणूस रुंद होडीत, ती त्याच्यावर खेकसायची — अरे गाढवा, दोरी सोड! — आणि तो आठवडाभर त्या गाढवावर जगायचा. हे कसं सांगणार? सांगितलं तर ती पुन्हा सभ्य व्हायची.

शर्यतीच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या शेवटच्या बोयाला वळसा घातला आणि वारा पडला.

एकदम नाही. कोणीतरी खोलीतून हळूच उठून जावं तसा. शीड ढिलं पडलं, आणि त्याच्या टाचेला काहीतरी गार लागलं. त्याने पाय आडवा ठेवला. पाण्याने पायाला वळसा घातला. सर्व्हेअरचे मत… मग जेवणाचा डबा त्याच्या बाकाखालून निघाला आणि संथपणे, पाहुण्यासारखा, बायकोच्या दिशेने गेला.

"डबा पोहतोय," ती म्हणाली.

"लाट आली असेल."

"तलावात?"

"ऐक ना," तो म्हणाला. "ते बूच…"

"खिशात आहे. मघापासून मांडी चाचपतोयस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लावलं म्हणालास ना. म्हटलं, बघू किती वेळ लावलेलं राहतंय." तिने डबा उचलून मांडीवर घेतला. "भोकाला बाहेरून हात घालावा लागेल. हात तुझे लांब. सुकाणू इकडे दे."

इतक्या वर्षांत ते तिच्या हातात गेलं नव्हतं. कोणी ठरवलं नव्हतं. पलंगाची बाजू जशी ठरते तसं ठरलं होतं. आणि आता त्याला गाडीतलं पुढचं वाक्य ऐकू आलं, जे ट्रेलरच्या काळजीत कानावरून गेलं होतं — "त्या सुकाणूपण देतात अधूनमधून."

त्याने दिलं.

पालथा पडून, अर्धं अंग फळीबाहेर काढून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तो भोक शोधू लागला. सापडलं. बूच बसलं. स्क्रू फिरला. एवढंच काम होतं. त्याने मान वर केली तेव्हा होडीमागे पाण्यावर उमटलेली रेघ दिसली — सरळ. त्याची नागमोडी असायची. त्याला वाटायचं, पाणी आहे, तसंच असणार.

त्याच्या पाठीशी ती एका हाताने बाटलीने पाणी उपसत होती आणि बोलत होती. त्याच्याशी नाही, होडीशी. "चल गं बाई, चल, एवढं काय झालंय… आता बघ हं, तिकडे पाणी चुरचुरतंय, तिथे वारा आहे, लबाड कुठला…" घरात ती इतकं सलग कधी बोलल्याचं त्याला आठवेना. की बोलायची, आणि तो वाट देऊन कडेने जायचा?

त्याने पुढे सरकायला हवं होतं. त्याच्या वजनाने मागचं टोक खाली जात होतं, होडी खेचली जात होती. मागून बेकरीवाल्याची होडी जवळ येत होती, आणि त्यामागे बाकीच्या.

"काय सर्व्हेअरसाहेब," बेकरीवाला ओरडला, "मासे धरताय का?"

"झालं का रे?" बायकोने विचारलं.

"थोडं राहिलंय," तो म्हणाला.

पुढे कोण आहे, किती आहेत, शर्यत संपायची रेषा किती लांब आहे — त्याला काहीच दिसत नव्हतं, कारण जायचं होतं तिकडे त्याची पाठ होती. ती वाऱ्याला काहीतरी समजावत होती. गार पाणी त्याच्या कोपरावरून मागे जात होतं, आणि तो, गालाला फळीची कड रुतत असताना, तसाच पडून ऐकत राहिला.