एकादशीची भाकरी

लग्न झाल्यापासून सुहासिनीने श्यामला एकदाही उपवास करताना पाहिलं नव्हतं. आषाढी एकादशीला घरातले सगळे वरीचे तांदूळ खात असताना हा गृहस्थ शनिपाराकडे जाऊन मिसळ चापून यायचा आणि वर, विठोबाला विचारून आलोय, असं सांगायचा. त्यामुळे यंदा त्याने आषाढीपासून उपवास धरले तेव्हा कर्वेनगरच्या त्या सोसायटीत चर्चाच झाली. आषाढीमागून संकष्टी आली, मग गुरुवार, मग श्रावणी सोमवार, आणि शनिवारही त्याने सोडला नाही. धाकट्या भावासाठी करतायत हो, असं जो तो कौतुकाने म्हणत होता. सुहासिनीही म्हणत होती.

धाकटा भाऊ म्हणजे सलिल. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या या माणसाचं लिव्हर कसल्याशा आजाराने निकामी होत चाललं होतं. कोणीतरी जवळच्याने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच तो वाचणार होता. त्याच्या बायकोचा, अस्मिताचा, रक्तगट जुळेना. जुळला तो श्यामचा. नातेवाइकांनी भरलेल्या बैठकीच्या खोलीत श्याम चहाचा कप खाली ठेवत म्हणाला होता, “मी देतो. त्यात काय एवढं?” अस्मिता तिथेच रडली. सुहासिनीचा ऊर अभिमानाने भरून आला आणि त्याच वेळी धास्तीही वाटली, पण ती तिने कोणाला दाखवली नाही.

तपासण्या झाल्या आणि घोडं अडलं. श्यामच्या स्वतःच्याच लिव्हरवर चरबी चढलेली होती. वजन उतरवा, चरबी उतरवा, श्रावणअखेरच्या शुक्रवारी पुन्हा तपासू, उतरली असेल तरच ऑपरेशन करू, असं सर्जननी सांगितलं. ऋतिका नावाच्या हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ मुलीने दूध, दही, तूप, पनीर, अंडी यांवर सरळ काट मारली. पूर्ण व्हीगन, असं ती म्हणाली. गाई-म्हशींनी माझं काय घोडं मारलंय, असं श्यामने तिला विचारलं. त्यांनी काहीच नाही, तुम्ही त्यांचं फार खाल्लंय, असं ती पोरगी शांतपणे म्हणाली. पुण्याचीच होती.

सुहासिनीने पदर खोचला. आजारी माणसाचं खाणं म्हणून पांचट काहीतरी पुढे ठेवलं तर हा माणूस चार दिवसांत बंड करेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने चवीत हात आखडता घेतला नाही. मंडईतून ती ताजी भाजी आणायची. चिंचगुळाची आमटी, डाळिंब्यांची उसळ, तव्यावर खरपूस परतलेली दोडक्याच्या शिरांची चटणी, दह्याऐवजी लिंबू पिळलेली कोबीची पचडी, ताकाच्या जागी कोकमाचं सार, आणि ज्वारीची पातळ भाकरी. श्याम बोटं चाटत जेवायचा. तुपाची आठवणसुद्धा येत नाही, असं एकदा तो म्हणून गेला. आणि वजन खरंच उतरू लागलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं तेव्हा सुहासिनीने आनंदाने अस्मिताला फोन केला.

नेमके त्यानंतर उपवास सुरू झाले.

आता उपवास म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, तीही तुपात, वर दाण्याचं कूट सढळ हाताने. बटाट्याची भाजी, तीही तुपात. मग दूध, रताळ्याचा कीस, खजूर, एखादी बर्फी. देवाला चालतं म्हणून माणसालाही चालतं, अशी समजूत. सुहासिनीने आधी भीत भीत सुचवलं की उपवासाला नुसती फळं खा. त्यावर श्याम गंभीर झाला. सलिलसाठी देवापाशी काही मागतोय, त्यात खोट ठेवायची नाही, रीतसर करायचं, असं तो म्हणाला. यापुढे कोणती बायको बोलणार? तिने खिचडी केली. आठवडाभराच्या भाकऱ्यांनी जेवढं उतरायचं तेवढं उपवासांनी पुन्हा चढायचं.

तिला कळलं ते एका मंगळवारी सकाळी. श्याम वजनकाट्यावर उभा होता आणि ती बेडरूमच्या दारातून पाहत होती, हे त्याला माहीत नव्हतं. आकडा परत वर गेला होता. माणूस अशा वेळी चडफडतो, काट्याला शिव्या देतो. श्यामने डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. परीक्षा पुढे ढकलली की पोरांचे चेहरे होतात तसा त्याचा चेहरा झाला होता.

सुहासिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. नवरा घाबरलाय. टेबलावर आडवं व्हायला, पोट फाडून घ्यायला तो घाबरलाय, आणि ते त्याला कोणाला सांगता येत नाहीये. नाही म्हणायची लाज वाटते म्हणून तो साबुदाणा खातोय. श्रावणअखेरीला तपासणीचं यंत्रच नाही म्हणेल, आणि बिचाऱ्याने भावासाठी एवढे उपवास केले, असं जग म्हणेल. तिला त्याचा संताप आला.

पण संताप ओसरल्यावर तिच्या मनात जे आलं ते त्याहून वाईट होतं. दात्याच्या जिवाला धोका अगदी थोडा, पण नाहीच असं म्हणता येणार नाही, असं सर्जन म्हणाले होते. आपण गप्प बसलो तर श्याम धडधाकट घरी राहील. आपल्याला कोणी बोल लावणार नाही. त्याच आठवड्यात शनिवारच्या खिचडीत तिने तूप घातलं आणि डबा बंद करता करता हात पुन्हा आत घातला. एक चमचा आणखी. हे आपण काय केलं ते तिला तेव्हाच कळलं होतं. तरी तिने ती खिचडी वाढली.

शुक्रवार तोंडावर आला आणि त्याच्या आधी एकादशी आली. सकाळी सलिलचा फोन आला. रिपोर्ट आणायला अस्मिता लॅबमध्ये जाणार होती, तोवर जेवायला येऊ का, असं तो विचारत होता. सुहासिनी ये म्हणाली आणि तिने फोन ठेवला. श्यामने आतून विचारलं, साबुदाणा भिजवलायस ना? ती हो म्हणाली. खरं तर साबुदाणा डब्यातच होता.

दुपारी सलिल आला तेव्हा लिफ्टपासून दारापर्यंत येतानाच तो दमला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हाताच्या काड्या झालेल्या. श्यामने त्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि उगाचच हवापाण्याच्या, खडकवासल्याच्या भरलेल्या धरणाच्या गप्पा काढल्या. भावाच्या तोंडाकडे मात्र त्याने एकदाही नीट पाहिलं नाही.

सुहासिनीने तीन ताटं घेतली. तिन्हींत एकच वाढलं: सलिलला मीठ चालत नाही म्हणून अळणी आमटी, दुधीची भाजी, पचडी आणि भाकरी. श्यामचं ताट तिने त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा तो आधी भाकरीकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला.

“आज एकादशी आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग ही भाकरी?”

“खिचडी केलेली नाही. आणि यापुढे करणार नाही.”

सलिलने हातातला घास खाली ठेवला. श्यामचा चेहरा लाल झाला. देवाधर्माच्या गोष्टीत तू पडू नकोस, पाहुण्यांसमोर तमाशा नको, असं काहीबाही तो बोलू लागला. सुहासिनीने त्याला मध्येच तोडलं.

“अहो, तुम्ही घाबरलाय. मला मंगळवारीच कळलं होतं. कळल्यावरही मी शनिवारी तुमच्या खिचडीत जास्तीचं तूप घातलं, कारण मीही घाबरले होते. मला तुम्ही हवे आहात.” मग ती सलिलकडे वळली. त्याच्याकडे पाहणं फार कठीण होतं. “भाऊजी, तुमच्या ताटातलं मी काढून घेतलं असंच समजा.”

श्याम उठायला लागला, पण तसाच पुन्हा खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भीती वाटते रे, असं तो हातांच्या आडून म्हणाला. सगळ्यांसमोर बोलून बसलो, रोज स्वप्नात ते टेबल दिसतं, मागे कसं फिरावं ते कळेना. एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. सुहासिनीला वाटलं, आता सलिल उठून जाईल, आणि गेला तर त्याचं काही चुकणार नाही.

सलिल गेला नाही. त्याने पाण्याचा घोट घेतला. बोलायलाही त्याला दम लागत होता.

“दादा, तू नाही म्हण. तुला तेवढा हक्क आहे. मी अस्मितालाही सांगेन, कोणी तुला एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या नावाने उपवास करून नाही म्हणू नकोस. मी मेलो तर लोक तुझ्याच पाया पडतील, आणि तुला ते सोसणार नाही.”

श्यामने तोंडावरचे हात काढले. भाऊ आल्यापासून पहिल्यांदाच तो त्याच्याकडे सरळ पाहत होता. पिवळे डोळे, काड्यांसारखी बोटं, शर्टाच्या आत रिकामे पडलेले खांदे, सगळं त्याने पाहिलं. ते बघणं इतका वेळ चाललं की सुहासिनीला हाक मारावीशी वाटली. तिने मारली नाही.

“शुक्रवारी मी पास होत नाही,” श्याम शेवटी म्हणाला. “चरबी तशीच असणार. मी आज त्या ऋतिकाला फोन करतो, जे झालं ते सांगतो, पुढची तारीख मागतो. महिना लागेल. तुला तेवढं थांबता येईल?”

“सांगता येत नाही,” सलिल म्हणाला. “थांबायचा प्रयत्न करतो.”

श्यामने मान हलवली. मग ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. सलिलनेही खाली ठेवलेला घास उचलला. दोघे भाऊ जेवत राहिले.

सुहासिनीने सवयीने दुसरी भाकरी आणली. श्यामने ताटावर हात आडवा धरला.

“अर्धीच वाढ,” तो म्हणाला. “आणि भीती गेलेली नाही, हे दोघांनाही सांगून ठेवतो.”

तिने भाकरी मधोमध मोडली, अर्धी त्याला वाढली आणि उरलेली अर्धी आपल्या ताटात घेऊन त्याच्या शेजारी जेवायला बसली.