घुगरी

नववं घरही हातचं गेलं, तेव्हा भिकाबाईला रडू आलं नाही, राग आला. रडायचं वय सरलं होतं, रागाचं अजून बरंच शिल्लक होतं.

सेनगावकडच्या तांड्यावरून वसमतला येऊन त्यांना अकरा दिवस झाले होते. मुलगा दिपक राठोड सरकारी मोजणीदार. बदली झाली म्हणून बायको निता, पाचवीतली करुणा, दीड वर्षाचं धाकटं आणि त्या धाकट्याला सांभाळायला आई, असा सगळा कबिला घेऊन तो आला. म्हातारा बाबूसिंग मागं राहिला होता. दोन म्हशी विकल्या की तोही येणार होता. लोकांच्या बांधाची इंच-इंच मोजणी करून देणाऱ्या या माणसाला अख्ख्या गावात दोन खोल्या मिळेनात. तोवर पाचही जणं दिपकच्या कचेरीतल्या धम्मानंदच्या खोलीत, त्याच्याच गॅसवर दिवस काढत होती. धम्मानंदलाही ती खोली बावीस घरं पालथी घातल्यावर मिळालेली. तो हसून म्हणायचा, "राठोडसाहेब, तुमाला निदान घर दाखवून न्हाई म्हनतात. मला तर फोनवरच आडनाव इचारतात."

भिकाबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पहिल्या घरमालकाला फोनवर सगळं पसंत होतं. दारात भिकाबाई उभी राहिली; आरशांची कांचळी, फेट्याचा घेरदार घागरा, दंडभर चुडा आणि कानशिलांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. तिला पाहिलं आणि त्याला एकाएकी गावाहून येणारा भाचा आठवला. दुसऱ्याला छत गळत असल्याचं आठवलं. चौथी बाई तेवढी खरं बोलली. "तांड्याचं एक मानूस ठिवलं की मागून सगळा तांडा येतोय," म्हणाली. भिकाबाईनं तिला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि बाकीच्यांना दोन-दोन. निदान ही नाकानं कांदे तरी सोलत नव्हती.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं घर मिळायच्या आधीच घरातलं माणूस फिरलं.

नवव्या नकाराच्या संध्याकाळी दिपक आईच्या नजरेला नजर न देता बोलला. घरात त्यांची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलीच चालायची. "याडी, उद्या साडी नेसशील का? निताची. अन् ती घुगरी, चुडा... दोन तासापुरता काढून ठेव."

भिकाबाईनं कडेवरचं लेकरू खाली ठेवलं.

घुगरी म्हणजे काही हौसेचे डूल नव्हेत. लग्नात ती केसांत गुंफतात आणि नवरा जिवंत आहे तोवर ती बाईच्या कानाशी वाजत राहते. नवरा गेला की तांड्यावरच्या बाया येऊन ती उतरवतात, दंडावरचा चुडाही उतरवतात. बेचाळीस वर्षं भिकाबाई न्हाण्यापुरती घुगरी सोडायची आणि केस वाळायच्या आत परत बांधायची. दिपकला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण तो आश्रमशाळेत आणि पुढं वसतिगृहात वाढलेला. त्याला ते सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीसारखं ठाऊक होतं.

"तुझा बाप मेला का रं?" तिनं विचारलं.

"दोन तास, याडी. करुणाची शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले. राहायचा पत्ता नाही म्हणून तिचं नाव घालेनात."

कोपऱ्यात करुणा वह्यांना कव्हरं घालत बसली होती. घातलेलीच कव्हरं काढून पुन्हा घालत होती. भिकाबाईचा राग त्या पोरीपाशी येऊन अडला.

"मीच काढीन," ती म्हणाली. "अन् मीच बांधीन. कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी भिंतीकडं तोंड करून तिनं घुगरी सोडली. चुडा साबण लावून उतरवला, तर त्याखालची कातडी लहान पोरीसारखी गोरी निघाली. निता साडी घेऊन मागं उभी होती आणि तिच्यानं ती पुढं करवत नव्हती. भिकाबाईनं सगळं एका बटव्यात घातलं आणि बटवा कमरेला खोचला.

दहावं घर कारखान्याच्या रस्त्याला, नव्या तीन मजली इमारतीत होतं. मालकीण निर्मलाबाई तळमजल्यावर राहायच्या. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चोवीस तास नळ, गॅलरी. आडनाव ऐकून त्या जरा थबकल्या, पण दिपकची सरकारी नोकरी आणि साडीतली साधी म्हातारी पाहून त्यांनी सगळ्यांना आत बसवलं, चहा ठेवला आणि चावी दिपकच्या हातात दिली. भिकाबाईकडं पाहता पाहता त्यांचा आवाज मऊ झाला.

मोजणीदाराचं माप चुकलं ते इथं. बाकीच्या बायांसारखं मंगळसूत्र भिकाबाईच्या गळ्यात कधी नव्हतंच, कपाळावर कुंकू नव्हतं, होतं ते गोंदण. तिचं सगळं सौभाग्य केसांत आणि दंडावर होतं, आणि ते आता कमरेला खोचलेलं होतं.

"मालक कधी गेले तुमचे?" निर्मलाबाईंनी विचारलं. "आमच्या ह्यांना तीन वर्षं झाली. बसत जाऊ दोघी संध्याकाळच्या. तसं एका परीनं बरंच. म्हातारे बाप्ये जिन्यात बिड्या फुकत बसतात, गाव गोळा करतात. मला ती तकलीफ नको व्हती."

भिकाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात दिपक म्हणाला, "झाली दोन वर्षं."

आणि आईकडं वळून गोरमाटीत पुटपुटला, "गप राहा. बापू आले की पाहुणे आलेले चुलते म्हणून सांगू."

भिकाबाईच्या डोक्यात काहीतरी तडतडलं. चुलते! ज्याच्या नावानं बेचाळीस वर्षं घुगरी बांधली, तो आता तिचा दीर होणार होता, तेही दोन खोल्यांसाठी. नऊ घरांनी तिला दारातून परत पाठवलं, पण तिचा नवरा कुणी मारला नव्हता. ते काम पोटच्या पोरानं केलं, चहाचा कप हातात धरून.

ती उठली. बेसिनवरच्या आरशासमोर गेली, बटवा सोडला आणि एकेक घुगरी केसांत घट्ट बांधू लागली. निर्मलाबाई बघतच राहिल्या.

"हे काय हो?"

"नवऱ्याचं हाय," भिकाबाई म्हणाली. "जित्त्या नवऱ्याचं. निता, फोन लाव. आवाज मोठा कर."

निताला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पलीकडं बाबूसिंग लगेच बोलला. म्हशीची साखळीही ऐकू येत होती. "घर भेटलं का?"

निर्मलाबाईंना कळावं म्हणून भिकाबाई मराठीत बोलली. "भेटलं व्हतं. चांगलं हाय, नळ हाय, गॅलरी हाय. पन हितं राहायचं तर तुमी मेलेले पायजेत. तुमच्या पोरानं दोन वर्षामागंच मारून ठिवलं तुमाला."

पलीकडं साखळी वाजली.

"पोरीच्या शाळंचं काम व्हत असंल," बाबूसिंग म्हणाला, "तर राहू दे ना मला मेलेला. म्हशी हायेत मला. मी न्हाई येत."

दिपकनं चावी मुठीत आवळून धरली. निर्मलाबाईंनी चावी परत मागितली नाही, आणि तशी वेळही आली नाही. नितानं ती नवऱ्याच्या मुठीतून सोडवून घेतली आणि कपाशेजारी ठेवली.

"जित्त्या मानसाला चालंल असं घर बघू," ती म्हणाली आणि लेकरू उचलून दाराकडं निघाली.

फोनमधून बाबूसिंग विचारतच होता, "हॅलो, दिपक हाय का तिथं? त्याला काही बोलू नको. पोरगं परक्या गावात घाबरून राहिलं."

भिकाबाईनं फोन बंद केला. म्हाताऱ्यानं माफ केलं असेल, तो त्याचा मामला. तिनं नव्हतं केलं.