माझ्या पोटातला वाल

मी पत्र्याची खोली बोलतेय. हसनाबादला सर्जेराव सरांच्या घरामागे, परसात भर उन्हात उभी आहे ती मीच. माझ्यात खुरपी, विळे, पाण्याची नळी आणि खताची अर्धी गोणी आहे. या वस्तूंना माझ्यापासून काही अपाय झाला नाही. ज्याला झाला, त्याच्याबद्दल आज सांगून टाकते. बरेच दिवस मनात ठेवलंय.

माझा जन्म जालन्याचा. राधेश्याम नावाच्या कारागिराच्या दुकानात मला कापलं, जोडलं आणि निळा रंग दिला. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. परसात भाजीपाला लावायचा आणि बागेचं सगळं सामान एका जागी ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. माप लिहून घेताना राधेश्याम म्हणाला, "सर, दोन झरोके ठेवून देऊ का? उन्हाळ्यात लई तापते ही."

"बिलकुल नको. उंदरं शिरतात."

मी तेव्हा खूशच झाले. अंगाला भोकं कुणाला हवी असतात?

माझ्यावरून त्या घरात आधी वाद झाला होता, हे मला नंतर समजलं. सरांच्या बायकोला, बेबीनंदाबाईंना, मी नकोच होते. त्यांना तुराट्यांचा कूड घालून शेणामातीनं लिंपलेली लहानशी खोली हवी होती. "कुडात गार राह्यतं," एवढंच त्यांचं म्हणणं. सर मात्र त्या शब्दानंच चिडत. त्यांचं बालपण गावाच्या कडेला तसल्याच कुडात गेलं होतं. पावसाळ्यात भिंतीची माती सुटून वहीवर पडायची.

"शिकलो, मास्तर झालो, पक्कं घर बांधलं. आन् आता पुन्हा माझ्या दारात कूड?"

अशी माझी निवड झाली. टेम्पोतून उतरवल्यावर सरांनी माझ्या अंगावर थाप मारली, तेव्हा नवं घर बघावं तसे ते बघत होते. मीही ताठ उभी राहिले.

बाईंजवळ त्यांच्या आईनं दिलेला वाल होता. तांबूस ठिपक्यांचा, लग्नात माहेराहून, धावड्याहून, पदराच्या गाठीत आलेला. आई गेली, माहेरी आता कुणी तो लावत नव्हतं. बाई दर वर्षी काही शेंगा वेलावरच वाळू देत, दाणे राखेत घोळून गाडग्यात भरत आणि ते गाडगं स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवत. यंदा सरांनी त्यात शिस्त आणायची ठरवली. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशा झाकणाच्या बरण्या आणल्या, त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वाल राखेतून वेचून बरणीत भरला आणि बरणी माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"गाडगं पुरतं रिकामं करू नका," बाई म्हणाल्या. "आई करू देत न्हवती."

"घे, राहू देली राख तुझ्यासाठी." सरांनी हसत गाडगं तिवईखाली सरकवलं.

मग एप्रिल आला. माणसांना उकडलं की ती उठून अंगणातल्या लिंबाखाली बसतात. मला उठता येत नाही, आणि पोटातल्या जिवाला बाहेरही काढता येत नाही. बरणीला आतून घाम सुटायचा. मे महिनाभर मी त्या वालाला रोज थोडं थोडं भाजलं. मुद्दाम नाही, पण भाजलं तर मीच.

मृगात बाईंनी आळी करून वाल टोकला. आठ दिवस गेले, बारा गेले, कोंब नाही. त्यांनी बोटानं माती उकरली. दाणा दाबला तर आतून नासका गर आला. तिथेच, माझ्या दाराशी, त्या बसून रडल्या.

"आईनं देल्तं ते म्या घालवलं. माझाच हात वाईट झाला."

"पाऊस कमी पडला," सर म्हणाले.

ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मे महिन्यात सर एकदा भर दुपारी बादली न्यायला आत आले होते. सहज बरणीला हात लागला आणि त्यांनी तो झटक्यात मागे घेतला. क्षणभर ते बरणीकडे बघत राहिले. ती घरात नेली असती तर बाईंचा कूडच बरा होता, हे कबूल करावं लागलं असतं. बरणी तिथेच ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर बाईंनी मातीला हात लावणं सोडलं. साधी कोथिंबीर पेरायची तरी म्हणायच्या, "तुम्हीच टाका. माझ्या हातानं न्हाई यायचं." सर टाकत. ते माझ्याकडे बघेनासे झाले, मी त्यांच्याकडे.

जुलैत पावसानं उघडीप दिली, तेव्हा एका सकाळी सरांनी तुराट्यांचे भारे आणले. माझ्यापासून चार हातांवर खांब रोवले, धोतर खोचलं आणि शेणामातीचा चिखल पायांनी तुडवायला लागले.

"अवो, हे काय करून राह्यले?"

"कूड घालून राह्यलो."

"मंग ठिवायचं काय त्यात आता?"

सरांचे पाय थांबले. "तुझा हात बराबर हाय. मे महिन्यात त्या बरणीचा मला चटका बसल्ता. तरी म्या ती तिथंच राहू देली. वाल म्या मारला."

बाई आत गेल्या. दोन दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडगं घेऊन आल्या, कुडाच्या सावलीत बसल्या आणि जुनी राख कागदावर उपडी केली. राखेत वालाचे चार दाणे होते. सरांनी आळं करायला खुरपं उचललं, तर बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि चारही दाणे स्वतः टोकले.

एक उगवला.

आता तो वेल अडीच हात झालाय. कुडाच्या आणि माझ्या मधोमध उभा आहे. वेलाला काय कळतं, त्याला नुसता आधार हवा असतो. काल वाऱ्यानं त्याचा शेंडा माझ्या पत्र्याला टेकला आणि दुपारच्या उन्हात त्याचं एक पान कोमेजलं. बाई आज अजून परसात आल्या नाहीत. सर, बाई, कुणीतरी लवकर या. तो पुन्हा माझ्याकडे झुकतोय. त्याला कुडाकडे वळवा.